शेऱ्याचा रकाना

सकाळी सहाला मी नदीची उंची लिहितो.
शून्य.
संध्याकाळी सहाला परत जातो, न जाणो.
शून्य.
पगार दोन्ही शून्यांचा मिळतो,
त्याबद्दल तक्रार नाही.

लोखंडी मोजपट्टी. साडेतीन मीटरच्या रेघेवर
एका जुन्या वर्षाचं शेवाळ
वाळून कागद झालंय.
खाली, जिथे मी लिहितो तिथे,
गोहराम आपली शेळी बांधतो.
तिने अंग घासून घासून
दोन ते सात सेंटिमीटर पुसून टाकले.
वर कळवलं.
रंग मंजूर झाला.
पाणी विचाराधीन आहे.

सरहद्दीपलीकडे ती हेलमंद,
आमच्याकडे हिरमंद.
ल पासून र पर्यंत यायला तिला
धरण ओलांडावं लागतं, कालवे चुकवावे लागतात,
आणि दर वर्षी एक बैठक
जिच्यात पुढच्या बैठकीची तारीख ठरते.

करारात आमचे बावीस घनमीटर, दर सेकंदाला.
वर चार सदिच्छेचे.
बावीस मला मोजता येतात, आले तर.
सदिच्छा कुठल्या खुणेपर्यंत चढते
हे प्रशिक्षणात शिकवलं नाही.

एकदा दोन्हीकडचे साहेब पट्टी बघायला आले.
मी चहा दिला, टँकरच्या पाण्याचा.
त्यांचे म्हणाले, डोंगरात बर्फच पडला नाही.
आमचे म्हणाले, उपग्रहातून धरण निळं दिसतं.
दुभाषा लागला नाही.
पाण्याला दोघेही आबच म्हणत होते,
आणि आबरू म्हणजे तोंडावरचं पाणी,
तेवढं राखायला दोघे इतक्या लांब आले होते.
मधल्या मध्ये शेळीने नकाशाचा कोपरा खाल्ला.
कुठल्या देशाचा, ते मी पाहिलं नाही.

बाप माझा लव्हाळ्याच्या होड्या बांधायचा.
शेवटची होडी छपराखाली आहे,
तिच्यात कोंबडी अंडी घालते.
रोज रात्री खाटेवरून विचारतो,
आज किती लिहिलंस?
मी सांगतो, थोडं आहे.
माझ्या नोकरीतली ही एवढीच खोटी नोंद,
आणि तीही वहीत नाही.

बहीण पलीकडे दिलेली, माहगंज.
होडीतून गेली नवऱ्याच्या गावाला,
तेव्हा सरहद्द ओली होती.
शुक्रवारी फोन करते.
या वर्षी म्हणाली, कालवा आमच्या शेतापर्यंत आला,
गहू गुडघ्याला लागतोय.
मग एकदम गप्प झाली,
जणू माझ्याच घरातून काही उचलून नेताना
मी तिला पाहिलं होतं.
मी म्हटलं, मुबारक.
ते खरंच होतं.
पोरं किती खातात विचारलं, तेही खरंच विचारलं.
फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ
त्या गव्हाची उंची
सेंटिमीटरात मोजत बसलो.

आता एकशेवीस दिवसांचा वारा सुरू झालाय.
हामूनचा सगळा तळ उठतो,
खाऱ्या मातीचं, माशांच्या काट्यांचं, बापाच्या वल्ह्यांचं
अख्खं सरोवर
आमच्याकडून त्यांच्याकडे जातं.
यावर करार नाही, याची बैठक नाही,
कुणी पट्टी रोवलेली नाही.
काल माहगंज खोकत खोकत सांगत होती,
दादा, तुमचं सरोवर परत घरात आलं रे,
पाळण्यात सुद्धा.
झाडून काढलं. दोन घमेली भरली.

आज सकाळी सहाला
उंचीखाली शून्य लिहिलं.
शेऱ्याचा रकाना इतकी वर्षं कोराच असतो.
त्यात, बारीक अक्षरात,
वर पाठवलेलं: दोन घमेली.
सही केली.
शेळी सोडून सावलीत बांधली.