काळी चार

नौपाड्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
खांबेटे पेट्या दुरुस्त करतात.
खाली ज्वारी दळली जात असेपर्यंत चहा पितात.
पट्टा थांबला की पंखा बंद,
आणि चिमट्यात एक पितळी जीभ.
एकच.

मी आईची पेटी घेऊन गेले होते,
सोबत अर्धं लिहिलेलं ऑफिसचं उत्तर,
मुलाची फी, गॅसचं बुकिंग,
एका कानात कुणाची तरी मीटिंग.
"तेवढं काढा," ते म्हणाले, "आणि भाता धरा."

धरला.

टोकाशी कानस एकदा फिरली, सूर चढला.
जरा जास्तच.
मुळाशी हलकेच. उतरला.
त्यांनी मान तिरकी केली, जसं कुणी
भिंतीपलीकडचं बोलणं ऐकतं.
पुन्हा.

कितव्या खेपेला ते सांगता येणार नाही,
पण माझा हात आणि तो वारा
वेगळे मोजता येईनात.
फोन टेबलावर थरथरला,
पितळेचा भुगा जरासा सरकला,
कुणी पाहिलं नाही.
म्हणजे मी तरी नाही.

"झाली काळी चार."
आणि बाकीच्या?
"आहेत की पेटीतच. कुठं जातायत?"

खाली पट्टा पुन्हा सुरू झाला होता.
जिन्यावरच्या पिठात माझ्याच चपलांचे ठसे,
वर जाणारे,
दोन-दोन पायऱ्या सोडून.
घड्याळात पावणेसहा.
गॅसचं राहिलंच.