कॉलरची डावी बाजू

जालन्याच्या एमआयडीसीत मी वजनकाट्यावर असतो.
भंगार येतं. कुठून, ते विचारायचं नसतं.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
उरेल ते भट्टीकडं.

सात वर्षांमागं एका कंटेनरात
चेपलेल्या ॲल्युमिनियमखाली पत्र्याची पेटी निघाली.
"मेलेलं जनावर हाय सायेब," म्हणत हमाल मागं सरला.
मी काठीनं उचललं. बाह्या होत्या.
पावतीच्या मागं लिहिलं : लोखंड नाही. तीन किलो चारशे.

आता पाच आहेत.
एक औरंगाबादेत, छावणीच्या बाजारात, जुन्या खोगिराच्या भावात.
दोन नांदेडच्या सर्कसवाल्याकडून; त्यानं ती उलटी शिवून
एका माणसाचं अस्वल केलं होतं.
पाचव्याची किंमत प्रयागला अजून सांगितलेली नाही.

प्लास्टिक चालत नाही, कातडं आत घुसमटतं.
घडी चालत नाही, घडीवरच ते आधी मोडतं.
बापूराव पांचाळनं रुंद खांद्याची लाकडी हँगरं केली,
माझं माप घ्यायला लागला तेव्हा म्हटलं,
माझं नाही, याचं.
जुन्या धोतराची खोळ, कडुलिंबाचा वाळका पाला,
पितळी चेनला मेणबत्तीचा तुकडा.
तेल लावू नये. मी लावलं, पहिल्यालाच, करडईचं.
पाठीवर तो काळा नकाशा अजून आहे.
भेगा पडतात. पण तो शब्द आमच्याकडं इतका छापून आलाय
की मी वहीत 'चिरा' लिहितो.

"बेचाळीस डिग्रीत हे कामून सांभाळता?" प्रयाग विचारते.
मी सांगितलं, आपल्या डोक्यावर, सरळ वर,
मोतीबागेच्या वर, आत्ता, मे महिन्यात,
नऊ-दहा किलोमीटरवर उणे तीस आहे.
थंडी कुठं गेलेली नाही. फक्त उंचावर बसलीय.
ती वर बघत राहिली.
मग तिनं पापड उलटवले.

मसाजी गडदे मेंढरं घेऊन कुंडलिकेच्या पात्रात उतरला होता.
त्याला दाखवायला घेऊन आलो. तो उंबऱ्यातच बसला,
बोटं लोकरीत गेली, मनगट गेलं.
"थंड मुलखातलं मेंढरू. आपल्याचं राठ असतंय."
शिवणी मोजल्या. "पाच जीव."
चहा निवला.
"आमी लोकर घेताव," तो म्हणाला, "कातडं मेंढराकडंच ठिवताव."
आणि निघता निघता : "घालणारा किती वर्साचा होता?"
माहीत नव्हतं.
कंबर अठ्ठावीस आहे.

एप्रिल लागला की पाचही जाकिटं
बियाणं कंपनीच्या शीतगृहात, सरकीच्या पोत्यांमागं.
अफसर पठाण तिथला ऑपरेटर.
मालकाला ठाऊक नाही, असं आम्ही दोघं धरून चालतो.
बी झोपतं, ही झोपतात.
बियाला निदान जून आहे.

पहिल्या जाकिटाची कॉलर डावीकडं झिजून टक्कल पडलीय,
उजवीकडं लोकर जशीच्या तशी.
वर्षभर मला वाटलं, कसर लागली.
मग एका रात्री काट्यावर ट्रक मागं घेणारा ड्रायव्हर पाहिला,
सारखा खांद्यावरून वळून मागं बघणारा,
आणि उठून घरी आलो, खोळ सोडली, हात लावून बघितला.
हनुवटी इथं घासायची.
इतक्या वेळा बघितलं त्यानं मागं.

वर्षातून एकदा, तिथं, आत, मी ते घालतो.
घालू नये. शिवणीला ताण बसतो.
चेन पोटापर्यंत येऊन थांबते.
श्वासाची वाफ दिसते, जालन्यात, एप्रिलमध्ये,
आणि मान आपोआप डावीकडं वळते.
सरकीची पोती. मशीनची घरघर.
अर्ध्या उघड्या दारात अफसर.
"चाचा, बंद करूं क्या?
ठंड जा री."