गाठ

मार्च सरत आला, तरी श्वेत समुद्र अजून मिटलेलाच.
येफीम पहारीनं भोक पाडतो,
वर तरंगणारा चुरा झाऱ्यानं काढतो
दुधावरची साय काढावी तसा,
आणि दोरीला बांधलेली बरणी खाली सोडतो.
आम्ही थांबतो. पापण्यांवर हिमाचे कण.

वर येतात ते बोटाच्या पेराएवढे,
काचेहून थोडेसेच जास्त खरे.
पोटात एक केशरी ठिणगी,
दोन अंगांना दोन पंख.
इकडे त्यांना समुद्रातले देवदूत म्हणतात.
येफीम म्हणतो, गोगलगाय.
शंख हरवून बसलेली गोगलगाय.
आणि त्याचंच बरोबर आहे.

खोलीत इराइदा ल्वोव्ना चष्मा कपाळावर चढवते,
भिंगाला डोळा लावते आणि बोलेनाशी होते.
पंख गेले.
पोट गेलं, ठिणगी गेली.
उरली चेतागाठींची एक माळ,
मणी खसखशीहून बारीक.
त्यातल्या एका मण्यात, एका पेशीत
ती काचेची सुई शिरवते. सुई मीच ओढलेली, आचेवर,
पण तिचं टोक मला आजवर दिसलेलं नाही.

मग पडद्यावर हिरवी रेघ उठते.
बसते. उठते.
पंख वर, पंख खाली.
पंख तर त्या तिकडच्या वाटीत पडलेत!
पोहायला समुद्र नाही,
मागे लागायला भक्ष्य नाही,
तरी पोहणं चालूच.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवलं होतं,
इतकंच आठवतं.

माझं काम नकाशाचं.
पेशीला वर्तुळ, धाग्याला रेघ,
‘चल’ म्हणणाऱ्या रेघेच्या टोकाला त्रिकोण,
‘गप्प’ म्हणणाऱ्या रेघेला काळा ठिपका.
चार हिवाळ्यांत सदतीस वर्तुळं.
खोडरबर मात्र पाच संपले.

सापडलं काय एवढं? येफीमनं विचारलं एकदा.
मी हातमोज्यानं बर्फावर दोन गोल काढले.
हा बोलतो तेव्हा त्याला गप्प करतो.
मग हा दमतो.
तो गप्प बसवलेला, सुटल्याबरोबर आपोआप उसळतो,
आणि आता याला गप्प करतो.
बस. यातून पंख हलतात.

येफीमनं दाढीतलं बर्फ झाडलं.
“हे तर मी आणि मार्फानं एकेचाळीस वर्षं केलं.
त्यासाठी सरकारनं जनरेटर कशाला द्यायचा?”

मार्फाला जाऊन दोन हिवाळे झाले.
होडीत, बर्फावर, चुलीशी
तो एक वाक्य बोलतो आणि थांबतो.
कुणीतरी मध्ये बोलून जाईल
नेमका तेवढाच वेळ.
मग पुढचं वाक्य.
हे मी नकाशावर कुठे काढू?

काल रात्री दिवे गेले.
अडतिसाव्या पेशीत सुई शिरतच होती
आणि हिरवी रेघ विझली, मधेच,
अर्ध्या पंखावर.
इराइदा ल्वोव्नानं एक शब्द उच्चारला
जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.
काडेपेटी सापडेना.
आम्ही दोघी बशीकडे बघत राहिलो,
म्हणजे बशी जिकडे असावी तिकडे.
चालू असेल का?
चालूच असणार, ती म्हणाली. आपण कोण त्याला थांबवणारे.

मी खिडकी उघडून ओंजळभर बर्फ आणलं,
चाचपडत बशीभोवती रचलं,
गार राहायला हवं म्हणून.
बोटं बधिर झाली तरी हात काढवेना.
अडतिसावं वर्तुळ मी सकाळी पेन्सिलीनं काढलं,
आत आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह.
राहू दे तसंच, ती म्हणाली.

पण ते सकाळचं.
रात्री त्या अंधारात, बाहेर,
येफीम जनरेटरला शिव्या घालत होता:
एक शिवी,
मग थांबणं,
मग दुसरी.