शून्य ओहम

रात्री साडेनऊला साकीनाक्याच्या गाळ्यात
वरच्या मजल्यावरचं पॉवर प्रेस थांबलं
तेव्हा कळलं, दिवसभर माझा हात थरथरत नव्हता, टेबल थरथरत होतं.
स्क्रीनवर बोर्ड, शंभर बाय ऐंशी.
दोन लेयर. मी चार मागितले होते.
शेठ म्हणाले, "लिफ्टच आहे ना? रॉकेट थोडंच."

लिफ्टच आहे. माझगावातल्या एका सात मजली इमारतीची,
जी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबते
आणि आतली माणसं भिंतीचा गिलावा वाचत बसतात.

सकाळी सगळे भाग ढिगात पडलेले,
त्यांच्यामधून बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं.
कोणाचं कोणाशी नातं, एवढंच ते सांगतं,
वाट तुझी तू काढ.
रिले काठाला नेले, ते तापट.
क्रिस्टल कंट्रोलरला खेटून.
आणि प्रत्येक चिपच्या पायाशी एकेक छोटा कपॅसिटर,
दाराआड भरून ठेवलेल्या कळशीसारखा:
नळ गेला तर घोटभर तरी असावं.

लोक म्हणतात, वरून शहरासारखं दिसतं.
नाही दिसत.
शहरात कोपर घालून, "जरा सरका" म्हणून निघता येतं.
इथे शून्य पूर्णांक दोन म्हणजे शून्य पूर्णांक दोन,
केसभर आत आलात की पिवळी खूण पेटते
आणि कितीही गोड बोला, विझत नाही.

एकशे एकेचाळीस जोडण्या. एकशे चाळीस झाल्या.
उरली दाराच्या सेन्सरची.
दार लागलं की नाही, एवढाच निरोप,
तोच पोचेना.
वरून जावं तर रिलेंची चोवीस व्होल्टची जाड वाट आडवी,
खालून जावं तर ग्राउंडचे दोन तुकडे पडतात.
तीन वेळा सगळं उपटलं, तीन वेळा मांडलं.
दर वेळी एकच उरली,
दर वेळी वेगळी.

मनवेल तुस्कानो आठवले.
मरोळच्या कंपनीत मी नवी, ते निवृत्तीला आलेले.
त्यांची उमेद गेली उजेडाच्या टेबलावर वाकून:
पारदर्शक फिल्म, दुप्पट माप, काळी चिकटपट्टी, सर्जनचं पातं.
चुकलं की नखाने उचलायचं, पुन्हा लावायचं.
काटकोनात पट्टी वळवली तर ओरडायचे,
"वळताना माणूस असा मोडतो काय गो?"
आणि मी अडले की
कुठे जायचंय ते कधी विचारलं नाही त्यांनी.
विचारायचे, "कोणाला ओलांडायचंय?"

साडेअकराला रिकाम्या गाळ्यात मी तेच मोठ्याने विचारलं.
चोवीस व्होल्टला.
मग ओलांड की.

एक रेझिस्टर घेतला. किंमत शून्य ओहम.
एक पाय अलीकडे, एक पलीकडे,
पोटाखालून जाड वाट जाऊ दिली.
शेवटची पांढरी रेघ गेली.
काही वाजलं नाही. मी डबा उघडला, भेंडी गार झाली होती.

सकाळी शेठ यादी घेऊन आले, चष्मा कपाळावर.
"आर सत्तेचाळीस. शून्य. हा काय करतो?"
"काही नाही."
"मग काढा."
"काढते. मग दार लागलंय की उघडं, ते लिफ्टला कोण सांगणार?"
चष्मा खाली आला. त्यांनी दर वाचला, दहा पैसे,
आणि ते पुढच्या ओळीवर गेले.

फाइल पाठवण्याआधी रिलेच्या खाली,
जिथे रिले बसला की कोणाला दिसत नाही,
पांढऱ्या शाईत दीड मिलिमीटरची अक्षरं टाकली: तुस्‌कानो.
सॉफ्टवेअरला जोडाक्षर जमत नाही,
स चा पाय मोडतो.
राहू दे म्हटलं.
माझगावात चौथा मजला आला, दार उघडलं,
की उतरणारा उतरून जाईल.