दुरुस्ती-गुणक

सकाळी सहाला कचऱ्याची गाडी गाणं लावून
परदेशीपुऱ्यातून फिरते, तेव्हा मी
दवाखान्याच्या तळघरात असते,
सहा फूट जाड काँक्रीटच्या आत,
आणि टाकीत पाणी भरत असते.

पाणी म्हणजे माणूस, असं आमच्या धंद्यात धरतात.

आधी थर्मामीटर बघायचा : चोवीस.
मग बॅरोमीटर : नऊशे पन्नास.
किरण मोजायची ही बोटाएवढी कुपी
प्रमाणित झाली समुद्राकाठच्या दाट हवेसाठी.
इथं माळव्याच्या पठारावर
तिच्या पोटात हवाच कमी मावते,
म्हणून ती खरं तेच सांगते, पण कमी सांगते.
उत्तराला गुणायचं, एक पूर्णांक शून्य आठनं.
यात कुणी कुपीवर उपकार करत नाही.
गुणलं नाही तर वर झोपलेला माणूस भाजतो.

लघाटे सर निवृत्त झाले तेव्हा
केक कापता कापता म्हणाले,
“उत्पला हुशार आहे हो, कोट्यातली असून.”
सगळे हसले. मी सुरी पुसत होते.
सुरी मीच का पुसत होते, कोण जाणे.
आज त्यांना बॅरोमीटर दाखवला असता.
तेव्हा नुसत्या डिशा मोजल्या,
दोन कमी पडत होत्या.

बाबा मिलच्या कार्डिंग खात्यात होते.
त्यांच्या छातीतला कापूस
कुठल्या एककात मोजायचा
हे मला पदव्युत्तरमध्येही कुणी शिकवलं नाही.

या आठवड्यात झेतरी आली, आलीराजपूरकडून,
वजन अडतीस किलो, गाठ डावीकडे,
आणि गाठीच्या मागं काळीज.
श्वास भरून धरला की छाती फुगते,
काळीज मागं सरतं, किरणांना वाट मिळते.
पडद्यावर हिरवा पट्टा असतो,
श्वासाची रेघ त्यात चढून थांबायला हवी.
स्पीकरमधून एक पुरुष शुद्ध हिंदीत सांगतो,
कृपया श्वास अंदर लें और रोककर रखें.

तीन दिवस रेघ बेडकासारखी उड्या मारत राहिली.
फाइलवर शेरा पडला : रुग्ण सहकार्य करत नाही.

दाराशी पोछा टेकवून थावरीबाई म्हणाली,
“तिला वाटतंय तो बाप्या तिला रागावतोय.”

मग मी तिलाच आत घेतलं, मोबाइल पुढं धरला.
पहिल्यांदा ती डॉक्टरांशी बोलतात तसं बोलली,
दुसऱ्यांदा हसू आलं.
तिसऱ्यांदा बादली खाली ठेवली, डोळे मिटले,
आणि नदी ओलांडताना कडेवरच्या पोराला
पाणी छातीशी आल्यावर सांगतात
तसं काहीतरी सांगितलं तिच्या बोलीत.
मला दोनच शब्द कळले.

झेतरीला सगळे कळले.
रेघ चढली. थांबली.
वीस सेकंद
तळघरात कुणीच श्वास घेतला नाही,
मीसुद्धा नाही.
काळीज बोटभर मागं सरलं होतं.

नोंदवहीत भौतिकीतज्ञाची सही असते,
डॉक्टरांची, तंत्रज्ञाची.
आवाजाचा रकाना नाही.
पट्टी घेऊन मी एक आखला, वाकडाच आला,
त्यात लिहिलं : थावरीबाई डावर, सफाई, कंत्राटी.
ती म्हणाली, “कंत्राटी कशाला लिहिता?”
मी खोडलं.

दुपारी मशीनचा इंजिनिअर आला,
माझ्या हातातल्या मीटरकडे बघून विचारलं,
“फिजिसिस्ट साहेब केव्हा भेटतील?”
नेहमीचंच. त्याला खुर्ची दिली.
पण संध्याकाळी कळलं,
ठेकेदारानं थावरीबाईचा अर्धा दिवस कापलाय,
कॉरिडॉर वेळेत पुसला नाही म्हणून.

एक पूर्णांक शून्य आठनं याचं भागणार नाही.
ठेकेदाराला फोन लावलाय.
तळघरात रेंज नाही, म्हणून जिन्यात उभी आहे.
रिंग जातेय.