नीरम

इकिकेला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.
हॉटेलचा दरवाजा एवढा उंच
की उघडणारा घोड्यावर बसूनच येईल असं वाटलं.
आल्या ओर्तेन्सिया चायापा,
पायांत लोकरी सपाता,
हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

नोंदवहीत रकाने होते:
नाव. कुठून. कुठे. किती जण.
पहिले तीन भरले.
चौथ्यापाशी पेन अडलं.
शाई संपली असावी असं समजून
बाईंनी दुसरं पेन दिलं.

खोली सात.
किल्लीला पितळेचा गोळा, विसरून खिशात जाऊ नये इतका जड.
पलंग दोघांचा. टॉवेल दोन.
साबणाच्या वड्या दोन, कागदात बांधलेल्या,
आणि दोन्ही उशांवर इथल्या गोड चुंबेकेचा एकेक तुकडा.
मी दोन्ही खाल्ले.

मग दिवा मालवला आणि लाकूड बोलायला लागलं.
आधी जिना, मग कपाट, मग माझ्या डोक्यामागची भिंत,
दिवसभर तापलेली फळी गार होताना
जशी कण्हते तशी, ओळीने, एकमेकींना ओ देत.
शंभर-सव्वाशे वर्षांचं लाकूड
आणि अजून त्याला कड बदलावीशी वाटते.
मी दोनला खाली आलो.

बाई जाग्याच होत्या.
माझं स्पॅनिश चाळीस शब्दांचं,
उरलेलं फोन बोलला, थांबत थांबत,
आणि थोडं हातांनी.

‘झोप नाही लागत? सातमध्ये कुणालाच नाही लागत.
हे लाकूड इथलं नाही ना.
ह्या वाळवंटात कुठलं आलंय झाड?
उत्तरेकडून जहाजं यायची सोरा न्यायला.
येताना रिकामी.
रिकामं जहाज लाटेला टिकत नाही,
म्हणून पोटात पाइनच्या फळ्या.
फळ्या उतरवायच्या, सोरा भरायचा, निघायचं.
धक्क्यावर पडलेल्या त्या ओझ्याचं
मग हे गाव झालं.’

त्याला आमच्याकडे एक शब्द आहे, मी सांगू पाहिलं.
रत्नागिरीच्या बंदरावर एक म्हातारा तांडेल
रिकाम्या गलबतात दगड रचताना म्हणायचा: नीरम.
फोनने त्याचं भाषांतर ‘कडुनिंब’ असं केलं.
बाईंनी मान डोलावली.
मीही सोडून दिलं.

‘माझा आजोबा सोऱ्याच्या खाणीत होता,’ त्या म्हणाल्या.
‘पगार बिल्ल्यांत मिळायचा.
बिल्ले चालायचे फक्त कंपनीच्या दुकानात.
वरच्या खोल्यांत तो कधी झोपला नाही.
मीही नाही. सतरा वर्षं झाली.
मला ही खुर्ची पुरते.’
हे सांगताना त्यांचा आवाज
न चढला, न उतरला.

तेवढ्यात जमीन हलली.
फार नाही.
झुंबराची लोलकं किणकिणली,
नोंदवही बोटभर सरकली,
मी दाराच्या चौकटीत जाऊन उभा.
बाईंनी टेबलावरचं दुसरं संत्रं घरंगळू नये म्हणून
त्यावर हात ठेवला.
फक्त संत्र्यावर.
थांबल्यावर ते मला दिलं.

एकदम विचारलं: ‘त्या येणार होत्या?’
चाळीस शब्दांत ‘हो’ होता.
‘होत्या’ नव्हता.
मी संत्रं सोलत बसलो, साल एकसंध निघावी म्हणून
नको इतका वेळ लावून.

सकाळी कामान्चाका उतरला होता,
समुद्रावरून येणारं ते कोरडं धुकं, ज्यातून एक थेंबही पडत नाही.
बंदरावर सीलायन भुंकत होते.
किल्ली परत केली तर
उजवा खिसा एकदम मोकळा, चालताना तोल गेल्यासारखा.
नोंदवही उघडीच होती.
चौथ्या रकान्यात बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं,
फक्त संत्र्याच्या रसाचा एक डाग,
माझा की त्यांचा, कोण जाणे.

अंतोफागास्ताची बस सहा तासांची.
साबणाची दुसरी वडी
कागद न फाडता
बॅगेत अगदी तळाशी ठेवली.