रिकामी खाच

मुस्तवेहून तळ्याकाठचा रस्ता धरला
की कालास्तेपर्यंत कांदेच कांदे,
वेण्या घालून खिळ्यांना टांगलेले.
झिनोविया कुझ्मिनिच्नाच्या घरात तर
कॉम्प्युटरच्या डोक्यावरही एक वेणी.
'काढू का?'
'राहू दे. तिला गरम हवा मानवते.'

तेरा वर्षांचं यंत्र.
झाकण सरकवलं तर आत कांद्याची सालं,
आणि कोपऱ्यात जुनी हार्ड डिस्क,
बोळक्या तोंडानं अक्रोड फोडावा तशी
कट्, कट्,
थांबून पुन्हा कट्.

त्या डिस्कमध्ये एकतीस मार्च महिने होते.
दर वर्षी बर्फ तडकायच्या आठवड्यात
ही बाई तळ्यावर मायक्रोफोन घेऊन बसते.
आधी कॅसेटवर, मग कसल्याकसल्या यंत्रांवर,
पेइप्सीचं कण्हणं जसंच्या तसं.
नवरा मासे धरायला त्याच बर्फावर गेला होता,
एवढंच ती सांगते.
पुढचं वाक्य मी विचारलं नाही.

एक फाइल उघडेपर्यंत चहा निवायचा.
'निवू दे,' म्हणायची.
या वर्षी म्हणाली, 'ताव्हेत, मला त्र्याहत्तरावं लागलं.
आता गरमच पिईन म्हणते.'

म्हणून ही पट्टी आणली,
च्युइंगगमच्या कांडीएवढी.
हिच्यात काही फिरत नाही,
झिजतानाही आवाज करत नाही.
पण या मदरबोर्डावर तिला जागाच ठेवलेली नाही,
तो घडला तेव्हा ही पाळण्यातही नव्हती.
त्याच्याकडे नुसत्या खाचा.
वरची लांब, ग्राफिक्स कार्डानं अडवलेली.
मधली आखूड, एका वाटेची; तिथे बसली असती,
पण ट्रॅक्टरमागे अडकलेल्या मोटारीसारखी
जन्मभर हॉर्न वाजवत.
आणि पार तळाशी आणखी एक लांब,
चार वाटांची,
जिच्याकडे तेरा वर्षांत
धुळीखेरीज कुणी फिरकलं नव्हतं.

मागची पत्र्याची फट मोकळी केली.
अडॅप्टर कार्डावर कांडी तिरकी सरकवली,
बोटानं हलकेच आडवी दाबली,
आणि तिला धरून ठेवायचा स्क्रू,
तिळाएवढा,
गेला हातातून.

दोघं गुडघ्यांवर. टॉर्च. लोहचुंबक.
सालं, सालांखाली सालं.
शेवटी तिनं वेणी बांधायचा दोरा तोडून दिला.
दोन वेढे, एक गाठ.
कंपनीनं पाहिलं असतं तर
माझी वॉरंटी आधी गेली असती.

कार्ड खाचेत खट्कन बसलं.
तरी यंत्र उठेना.
नवी तिला दिसते, पण तिच्या आधारानं
उठायची सवय त्याच्या अंगात नाही;
जागं होताना ते जुनीकडेच हात पसरतं.
मी म्हटलं, 'दार उघडण्यापुरती म्हातारी ठेवावी लागेल,
मग दिवसभर निजली तरी चालेल.'
झिनोविया माझ्याकडे बघत राहिली.
मी जीभ चावली.
ती एवढी हसली
की डोक्यावरची वेणी हलली.

रात्रभर मार्च महिने
या घरातून त्या घरात गेले.
सकाळी तिनं सर्वांत जुना उघडला.
बोट उचलायच्या आत
अख्खं तळं खोलीत तडकलं.
'अगं बाई,' तिनं रुमाल डोक्यावर ओढला,
पाहुणा लवकर आल्यासारखा.
'थांब म्हणायची सोय नाही का रे यात?'
नाही, मी म्हटलं.
कपातून वाफ निघत होती.
तिनं ती फाइल बंद केली,
खुर्ची नीट केली,
आणि मग पुन्हा उघडली.

मजुरी म्हणून दोन वेण्या कांदे.
तीन आठवड्यांनी फोन:
'तुझा स्क्रू सापडला. सूपमध्ये.
दात शाबूत आहे.
येतोस बसवायला?'
मी म्हटलं, गाठ सुटलीय का?
'नाही,' ती म्हणाली.
'पण ये.'